रनिंग लाइटचा कंट्रोलर घरी बनवताय? सर्किट सोपं असतं, खरी परीक्षा सोल्डरची

गणपती जवळ आले की मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गर्दी वाढायला लागते. कुणी एलईडी स्ट्रिप मोजून घेतं, कुणी अ‍ॅडॉप्टर शोधतं, तर काही जण दुकानदाराकडे ‘५५५, ४०१७ आणि एक झीरो पीसीबी’ मागतात. हे तिसरे लोक मखराभोवती पळणाऱ्या दिव्यांचा कंट्रोलर स्वतःच बनवणार असतात.

या कंट्रोलरचे व्हिडिओ मोबाइलवर भरपूर सापडतात. एका मिनिटात दोन आयसी, चार-सहा तारा आणि शेवटी चमकणारे दिवे. बघताना वाटतं, एवढंच तर आहे! सर्किट खरोखरच तेवढंच असतं. पण घरी बनवलेला बोर्ड पहिल्या दिवशी चालतो आणि तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी बंद पडतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा सर्किटचा नसतो. एखादा सोल्डरचा टाका नीट बसलेला नसतो, नाहीतर वीज जोडण्याआधी करायची तपासणी राहून गेलेली असते.

म्हणूनच हा कंट्रोलर काम कसा करतो, तो कोणत्या क्रमाने जोडायचा आणि तो सुरक्षित आहे हे कसं ओळखायचं, ते सविस्तर पाहूया.

कंट्रोलर नेमकं करतो काय?

दिवे पळतात असं आपल्याला वाटतं, पण पळत काहीच नसतं. चार स्ट्रिप शेजारी-शेजारी लावलेल्या असतात. पहिली लागते आणि विझते, लगेच दुसरी लागते, मग तिसरी, मग चौथी, आणि पुन्हा पहिली. डोळ्यांना मात्र प्रकाश पुढे सरकल्यासारखा दिसतो.

यासाठी तीन कामं करावी लागतात. एक, ठरावीक वेळाने ठोका देणं. दोन, ते ठोके मोजून आता कुणाची पाळी आहे ते ठरवणं. आणि तीन, ज्याची पाळी आहे त्याला पुरेसा करंट देणं.

ठोके देण्याचं काम ५५५ नावाची आठ पायांची आयसी करते. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले इंजिनिअर हान्स कॅमेनझिंड यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या सिग्नेटिक्स कंपनीसाठी तिचं डिझाइन केलं आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. पन्नास वर्षं उलटून गेली तरी ती आजही सगळीकडे मिळते, तीही काही रुपयांत.

मोजणी करते ४०१७. ही सोळा पायांची आयसी आहे. तिला दहा आउटपुट असतात आणि प्रत्येक ठोक्याला त्यातलं एकच आउटपुट चालू असतं. चारच स्ट्रिप असतील तर पाचवं आउटपुट तिच्याच ‘रीसेट’च्या पायाला जोडायचं. म्हणजे चौथीनंतर गाडी पुन्हा पहिल्यावर येते.

तिसरं काम मॉसफेटचं. ४०१७ च्या आउटपुटमधून फार तर काही मिलिअँपिअर करंट घेता येतो. स्ट्रिपला मात्र त्याच्या शंभरपट लागतो. ४०१७ फक्त इशारा देते आणि मॉसफेट त्या इशाऱ्यावर स्ट्रिपचा करंट चालू-बंद करतो. पाटाचं दार हाताने उघडावं आणि पाणी विहिरीवरच्या पंपाचं वाहावं, तसाच हा प्रकार.

पण तयार कंट्रोलर मिळतो, तो का नको?

स्वस्त माळांबरोबर बटण असलेली छोटी प्लास्टिकची डबी येते. अशा बऱ्याच डब्यांमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतोच. घरातली २३० व्होल्टची वीज डायोडमधून थेट आतल्या बोर्डावर येते. म्हणजे बोर्डावरच्या कोणत्याही तांब्याच्या रेषेला हात लागला तर तो थेट मेन लाइनला लागल्यासारखाच. माळेच्या वायरचं आवरण कुठे सोललं असेल तर तिथेही तोच धोका.

म्हणून घरी बोर्ड बनवायचा तर पहिला नियम असा, की २३० व्होल्ट बोर्डापर्यंत येऊच द्यायचे नाहीत. मेन सप्लाय बंदिस्त अ‍ॅडॉप्टरमध्येच थांबला पाहिजे आणि बोर्डावर फक्त १२ व्होल्ट डीसी यायला हवेत. अ‍ॅडॉप्टर घेताना त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावं. सगळ्या खरेदीत इथे पैसे वाचवायला जाऊ नये. बाकीचं सामान खराब निघालं तर दिवे लागणार नाहीत, एवढंच होईल. अ‍ॅडॉप्टर खराब निघाला तर २३० व्होल्ट थेट मखरापर्यंत पोहोचू शकतात.

मेन लाइनवर चालणाऱ्या कंट्रोलरचे व्हिडिओही दिसतात. सोल्डरिंग पहिल्यांदाच करणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

काय काय सामान लागतं?

चार स्ट्रिपच्या कंट्रोलरसाठी ही यादी पुरते:

- ५५५ आयसी एक आणि तिच्यासाठी ८ पायांचा आयसी बेस
- ४०१७ आयसी एक आणि तिच्यासाठी १६ पायांचा आयसी बेस
- आयआरएफझेड ४४एन मॉसफेट चार
- रेझिस्टर: १०० ओहमचे चार, १० किलोओहमचे पाच, ६८ किलोओहमचा एक
- ४७० किलोओहमचा प्रीसेट एक (वेग कमी-जास्त करायला)
- कपॅसिटर: १ मायक्रोफॅरड एक, १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा एक, ०.०१ मायक्रोफॅरड एक, ०.१ मायक्रोफॅरड दोन
- १एन५८२२ डायोड एक, दीड अँपिअरचा फ्यूज आणि फ्यूज होल्डर
- झीरो पीसीबी, स्क्रूवाले कनेक्टर, अ‍ॅडॉप्टरचं सॉकेट, वायर
- १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर

अवजारांमध्ये २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, तिचा स्टँड, ओला स्पंज, आत राळ असलेली सोल्डर वायर, कटर, चिमटा, डिसोल्डरिंग पंप आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर नसेल तर काम सुरूच करू नये.

आयसी बेस का, असा प्रश्न हमखास येतो. आयसी थेट सोल्डर केली तर ती जास्त तापण्याची भीती असते, आणि खराब निघाली तर सोळा पाय एकेक करून सोडवत बसावं लागतं. बेस सोल्डर केला की आयसी शेवटी नुसती दाबून बसवता येते. तपासणीसाठीही हे फार उपयोगी पडतं, ते पुढे कळेलच.

करंटचा हिशोबही आधीच करून टाकावा. मीटरला ६० छोट्या एलईडी असलेली साधी १२ व्होल्टची स्ट्रिप साधारण ४.८ वॅट घेते, म्हणजे मीटरला ०.४ अँपिअर. प्रत्येक भागात दोन मीटर स्ट्रिप धरली तर ०.८ अँपिअर झाले. एका वेळी एकच भाग चालू असल्याने अ‍ॅडॉप्टरवर एकूण भारही तेवढाच. २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर त्यामुळे आरामात पुरतो. जाड, जास्त उजेडाच्या स्ट्रिप मात्र मीटरला याच्या तिप्पट वीज घेतात. त्या लावायच्या तर अ‍ॅडॉप्टर, डायोड आणि फ्यूज, तिघांचा हिशोब नव्याने करावा लागेल.

जोडणी कशी असते?

अ‍ॅडॉप्टरचा प्लस आधी फ्यूजमधून आणि मग डायोडमधून बोर्डावर येतो. कुणी अ‍ॅडॉप्टरची पिन उलटी जोडली तर हा डायोड करंट अडवतो आणि बाकीचं सगळं वाचतं. त्यापुढे प्लस आणि मायनसच्या मध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.

५५५ चा पहिला पाय मायनसला. चौथा आणि आठवा प्लसला. दुसरा आणि सहावा एकमेकांना जोडायचे आणि तिथून १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मायनसला. आठव्या आणि सातव्या पायाच्या मध्ये १० किलोओहम. सातव्या आणि सहाव्याच्या मध्ये ६८ किलोओहम आणि प्रीसेट, एकापुढे एक. पाचव्या पायापासून ०.०१ मायक्रोफॅरड मायनसला. तिसऱ्या पायातून ठोके बाहेर पडतात, ते ४०१७ च्या चौदाव्या पायाला द्यायचे.

४०१७ चा सोळावा पाय प्लसला, आठवा आणि तेरावा मायनसला. दहावा आणि पंधरावा एकमेकांना. आउटपुट मात्र क्रमाने शेजारी-शेजारी नसतात, आणि नवख्या माणसाची फसगत नेमकी इथेच होते. पहिलं आउटपुट तिसऱ्या पायावर, दुसरं दुसऱ्यावर, तिसरं चौथ्यावर आणि चौथं सातव्या पायावर असतं. दोन्ही आयसींच्या जवळ प्लस-मायनसमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर लावायचा.

प्रत्येक आउटपुटपासून १०० ओहममधून मॉसफेटच्या गेटला. गेटपासून १० किलोओहम मायनसला, म्हणजे इशारा नसताना गेट अधांतरी राहत नाही. अक्षरं आपल्याकडे धरली तर आयआरएफझेड ४४एनचे पाय डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स असे येतात. सोर्स मायनसला आणि ड्रेन स्ट्रिपच्या मायनसला. स्ट्रिपचा प्लस थेट बोर्डाच्या प्लसला.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. मॉसफेटच्या पाठीवरचा धातूचा पत्रा आतून ड्रेनला जोडलेला असतो. दोन मॉसफेटचे पत्रे एकमेकांना चिकटले तर दोन स्ट्रिप एकत्र लागतील. एवढ्या करंटला मॉसफेट तापत नाही, त्यामुळे हीटसिंकची गरज नाही. फक्त त्यांच्यात अंतर ठेवायचं.

आधी काय लावायचं, मग काय?

सोपा नियम म्हणजे आधी बुटके, मग उंच. आधी उंच कपॅसिटर लावला तर बोर्ड उलटा केल्यावर तो डुगडुगतो आणि बाकीचे भाग खाली पडतात. क्रम असा ठेवायचा: वायरचे जंपर, रेझिस्टर, डायोड, आयसी बेस, छोटे कपॅसिटर, प्रीसेट, मोठे कपॅसिटर, कनेक्टर आणि सगळ्यात शेवटी मॉसफेट. मॉसफेट आणि ४०१७ दोघंही अंगावरच्या स्थिर विजेने खराब होऊ शकतात. म्हणून हात लावण्याआधी नळासारख्या जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करावा.

लावताना पाच ठिकाणी चूक होते.

पहिली, रेझिस्टरचे रंग. १०० ओहमवर तपकिरी-काळा-तपकिरी पट्टे असतात आणि १० किलोओहमवर तपकिरी-काळा-नारिंगी. मंद उजेडात हे दोन्ही सारखेच दिसतात. ५५५ च्या सातव्या पायाशी १० किलोओहमऐवजी १०० ओहम लागला तर १२ व्होल्टला तिथून सुमारे १२० मिलिअँपिअर वाहू लागतील आणि आयसी जाईल. म्हणून प्रत्येक रेझिस्टर लावण्याआधी मल्टिमीटरवर मोजायचा. वेळ लागतो दहा सेकंद.

दुसरी, कपॅसिटरची दिशा. मोठ्या कपॅसिटरच्या अंगावर पट्टा असतो, ती मायनसची बाजू. लांब पाय प्लसचा. उलटा लागला तर तो फुगतो, कधी फुटतोही.

तिसरी, डायोडची दिशा. त्याचा पट्टा बोर्डाच्या बाजूला असला पाहिजे.

चौथी, आयसीचा पहिला पाय. आयसीवरची खाच वर धरली तर खाचेच्या डावीकडचा पाय पहिला. तिथून घड्याळाच्या उलट दिशेने मोजत जायचं.

पाचवी चूक सगळ्यांची हमखास होते. बोर्ड उलटा केला की सगळं आरशातल्यासारखं दिसतं. वरून डावीकडे असलेला पहिला पाय खालून उजवीकडे जातो. झीरो पीसीबीवर जोडणी खालच्या बाजूनेच करायची असल्याने सुरुवातीलाच दोन्ही बेसच्या पहिल्या पायापाशी खालून मार्करने ठिपका मारून ठेवावा.

झीरो पीसीबीवरची तांब्याची गोलं एकमेकांना जोडलेली नसतात. ती वायरने जोडावी लागतात. इशाऱ्यांच्या रेषांना रेझिस्टरचे कापलेले पायही चालतात. प्लस, मायनस आणि ड्रेन या रेषांमधून मात्र स्ट्रिपचा सगळा करंट जातो. तिथे जाड वायर हवी. नुसता सोल्डरचा ओघळ ओढून काम भागवू नये.

सोल्डर नीट बसलं हे कसं ओळखायचं?

तुटलेल्या साखळीला सोनार डाग देतो, त्याच जातीचं हे काम आहे. दोन धातू वितळवायचे नसतात. त्यांच्यामध्ये तिसरा धातू वितळून पसरायला हवा आणि दोघांनाही चिकटायला हवा. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या सोल्डरमध्ये ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसं असतं. ते १८३ अंश सेल्सिअसला वितळायला लागतं आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होतं. आतली राळ धातूवरचा गंज साफ करते. ही राळ नसेल तर सोल्डर पसरतच नाही.

सगळ्यात मोठा गैरसमज असा, की सोल्डर आयर्नच्या टोकावर घ्यायचं आणि रंग लावल्यासारखं जोडावर लावायचं. तसं केलं की राळ वाटेतच जळून जाते आणि थंड तांब्यावर सोल्डरचा नुसता गोळा बसतो.

बरोबर पद्धत अशी. आयर्न पूर्ण तापू द्यायची. टोक ओल्या स्पंजवर पुसायचं आणि त्यावर थोडंसं सोल्डर लावून ते चकचकीत करायचं. मग टोक एकाच वेळी तांब्याच्या गोलाला आणि भागाच्या पायाला टेकवायचं. साधारण एक सेकंद थांबायचं. आता सोल्डर वायर टोकाला लावायची नाही, जोडाला लावायची. ती तिथे वितळून पायाभोवती पसरते. आधी वायर काढायची, मग आयर्न. सगळं मिळून तीन-चार सेकंद. त्यानंतर दोन सेकंद बोर्ड हलवायचा नाही आणि फुंकरही मारायची नाही.

चांगला जोड चमकतो. त्याचा आकार छोट्या टेकडीसारखा असतो, पायाशी वर चढलेला आणि कडेला तांब्यावर सपाट पसरलेला. वाईट जोडावर सोल्डर अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं गोल थेंब होऊन बसतं, कडेला चिकटत नाही. कधी ते मळकट, दाणेदार दिसतं. रिपेअरवाले यालाच ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात.

ड्राय सोल्डर घातक का? कारण तो पहिल्या दिवशी चालतो. धातू एकमेकांना नुसते टेकलेले असतात, जुळलेले नसतात. बोर्ड तापला, गार झाला, कुणाचा धक्का लागला, की संपर्क सुटतो. इशाऱ्याच्या रेषेत असं झालं तर दिवे अडखळतात. पण स्ट्रिपचा करंट जिथून जातो त्या जोडात असं झालं तर तिथे विरोध वाढतो, जोड तापतो आणि तापल्यामुळे आणखी सैल होतो. फ्यूज याला रोखू शकत नाही. इथे करंट वाढत नाही, उष्णता फक्त एका ठिपक्यात साठते. कागद आणि कापडाच्या मखरामागे असा ठिपका नको.

शंका आली की जोडाला थोडी नवी सोल्डर वायर टेकवून तो पुन्हा तापवायचा. नव्या सोल्डरमधली राळ काम करते आणि जोड बसतो. सोल्डर जास्त झालं तर पंपाने ओढून काढायचं. नळकामासाठी मिळणारी आम्लाची पेस्ट मात्र बोर्डाला कधीही लावायची नाही. ती मागे राहते आणि हळूहळू तांबं खाते.

वीज जोडण्याआधी पाच मिनिटं

सोल्डरिंग संपलं की अ‍ॅडॉप्टर लावून बघायची घाई होतेच. पण आयसी अजून बेसमध्ये घालायच्या नाहीत आणि स्ट्रिपही जोडायच्या नाहीत. आधी तपासणी, तीही याच क्रमाने.

१. जुन्या टूथब्रशने बोर्डाची खालची बाजू झटकायची. उजेडात धरून शेजारच्या पायांमध्ये सोल्डरचा पूल झालाय का, ते पाहायचं. मोबाइलचा कॅमेरा झूम केला की भिंगाचं काम भागतं.

२. मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून बोर्डाच्या प्लस आणि मायनसला लावायचा. कपॅसिटर भरत असताना क्षणभर बीप वाजली तर चालेल. वाजतच राहिली तर कुठेतरी शॉर्ट आहे. तो सापडेपर्यंत पुढे जायचं नाही.

३. पहिल्यांदा वीज देताना अ‍ॅडॉप्टरच्या प्लसच्या वाटेत दुचाकीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब टाकायचा. शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल आणि करंट एक अँपिअरच्या आतच अडकेल. बल्ब विझलेला राहिला तर ठीक.

४. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून ५५५ च्या बेसमध्ये पहिल्या आणि आठव्या पायात, तसंच ४०१७ च्या बेसमध्ये आठव्या आणि सोळाव्या पायात व्होल्टेज मोजायचं. दोन्हीकडे १२ च्या किंचित खाली आकडा यायला हवा.

५. वीज बंद करून फक्त ५५५ घालायची. तिसऱ्या पायापासून मायनसपर्यंत एक छोटी एलईडी २.२ किलोओहममधून लावली की ती उघडझाप करेल. मग वीज बंद करून ही एलईडी काढायची आणि ४०१७ घालायची. त्यानंतर तीन एलईडींचा स्ट्रिपचा तुकडा एकेका आउटपुटवर लावून पाहायचा. सगळं ठीक असेल तर बल्ब काढायचा आणि पूर्ण स्ट्रिप जोडायच्या.

आयसी बेसचा खरा फायदा इथे कळतो. शॉर्ट निघाला तरी आयसी वाचलेल्या असतात.

चाललं नाही तर?

एकच स्ट्रिप लागून राहिली आणि पुढे सरकत नसेल तर ४०१७ ला ठोके मिळत नाहीत. ५५५ चा तिसरा पाय आणि ४०१७ चा चौदावा पाय यांच्यातली जोडणी पाहायची.

दोन स्ट्रिप एकाच वेळी लागत असतील तर सोल्डरचा पूल किंवा मॉसफेटचे चिकटलेले पत्रे.

एकच स्ट्रिप कधीच लागत नसेल तर त्या भागाचा मॉसफेट उलटा लागलाय का, आणि गेटपासून मायनसला १० किलोओहमच्या जागी १०० ओहम लागलाय का, ते तपासायचं. तसं झालं असेल तर ४०१७ चा इशारा गेटपर्यंत पोहोचण्याआधीच मायनसमध्ये वाहून जातो.

बोर्डाजवळ हात नेला की दिवे वेडेवाकडे उडत असतील तर ४०१७ चा तेरावा किंवा पंधरावा पाय सुटलेला असतो. या जातीच्या आयसीचा इनपुट अधांतरी राहिला की तो हवेतला गोंधळही पकडतो.

वेग किती ठेवायचा?

हा नुसता आवडीचा प्रश्न नाही. काही माणसांना, विशेषतः फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी असलेल्यांना, झपाट्याने लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे झटका येऊ शकतो. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतही एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही लुकलुकू नये, असं म्हटलं आहे. दर्शनाला येणाऱ्यांत लहान मुलंही असतात. घरगुती सजावटीतही हीच मर्यादा पाळलेली बरी.

प्रीसेटच्या पुढे ६८ किलोओहमचा रेझिस्टर त्यासाठीच आहे. ५५५ चे ठोके त्या रेझिस्टरवर आणि कपॅसिटरवर अवलंबून असतात. प्रीसेट पूर्ण शून्यावर फिरवला तरी सेकंदाला साधारण दहाच ठोके पडतात. चार स्ट्रिपमध्ये वाटले की एका स्ट्रिपच्या वाट्याला सेकंदाला अडीच वेळा लुकलुकणं येतं. प्रीसेट दुसऱ्या टोकाला नेला तर चारही स्ट्रिपची एक फेरी साधारण तीन सेकंदांत पूर्ण होते. हा रेझिस्टर लहान घातला तर वेग वाढतो, पण मर्यादाही ओलांडली जाते.

मखरात लावताना

बोर्ड प्लास्टिकच्या डबीत बसवायचा आणि वायर डबीतून बाहेर पडते तिथे आतून गाठ किंवा टाय मारायचा. म्हणजे कुणी वायर ओढली तरी ताण सोल्डरच्या जोडावर येत नाही. स्ट्रिप रिळावर गुंडाळलेली असताना जास्त वेळ चालू ठेवायची नाही. उष्णता बाहेर पडायला वाट नसते.

अ‍ॅडॉप्टर पडद्यामागे किंवा फुलांच्या ढिगाखाली दडवू नये. समई, निरांजन आणि हारांवर शिंपडलेलं पाणी यांच्यापासून तो दूर, मोकळ्या हवेत हवा. पहिल्या दिवशी तासाभराने डबी, अ‍ॅडॉप्टर आणि कनेक्टरला हात लावून बघावा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर बंद करावं. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असेल तर उत्तमच. रात्री झोपताना आणि घर बंद करून जाताना बटण बंद करायचं, मग बोर्ड कितीही चांगला बनलेला असो.

आणि शिशाचं काय?

सोल्डरमधलं शिसं आयर्नच्या तापमानाला वाफ होऊन उडत नाही. वर येणारा धूर राळेचा असतो. त्याने डोळे चुरचुरतात आणि दमा असलेल्यांना त्रास होतो. म्हणून खिडकी उघडी आणि पंख्याची हवा आडवी हवी. शिसं पोटात जातं ते हातावाटे. त्यामुळे सोल्डरिंग करताना खाणं-पिणं नाही, सोल्डर वायर दातात धरणं नाही आणि काम झाल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं. स्वयंपाकाच्या ओट्यावर हे काम करू नये, लहान मुलांना आणि गरोदर बाईला तिथे बसवू नये. पाय कापताना तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो, म्हणून चष्मा हवाच.

युरोपीय संघाने २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिशावर निर्बंध घातले आहेत. शिसं नसलेलं सोल्डरही मिळतं. ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं आणि त्याचा चांगला जोडही थोडा मंद चमकतो. त्यामुळे शिकताना चांगला जोड कोणता आणि वाईट कोणता, हे ओळखणं जरा अवघड जातं.

पहिल्यांदाच करणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

थेट कंट्रोलरपासून नको. झीरो पीसीबीचा एक छोटा तुकडा घेऊन त्यावर वीस-पंचवीस स्वस्त रेझिस्टर नुसते सोल्डर करावेत. त्यातले पाच चिमट्याने ओढून बघावेत, मुद्दाम बिघडवलेला एखादा जोड दुरुस्त करून बघावा. तासाभरात हात बसतो. कंट्रोलरचा बोर्ड त्यानंतर हातात घ्यावा, आणि तो चतुर्थीच्या आदल्या रात्री नाही, निदान आठवडाभर आधी. दोन-तीन संध्याकाळी तो समोर ठेवून चालवला की कच्चा जोड घरातच सापडतो, मखरामागे नाही.

विसर्जनानंतर स्ट्रिप काढताना कोणता कनेक्टर कोणत्या भागाचा, ते डबीवर लिहून ठेवावं. जोड नीट बसले असतील तर हाच बोर्ड दिवाळीला आकाशकंदिलातही चालतो.